बळ कसे वाढते?



गेल्या श्रावणातील गोष्ट. दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी बाकावरून उठताना कमरेवर हात ठेवून उठू लागला. कारण विचारले तेव्हा प्रथम त्याने टाळाटाळ केली. अखेर खरे सांगितले. तो नुकताच व्यायामशाळेत जाऊ लागला होता, आणि तिसऱ्याच दिवशी, वर्षभर व्यायाम करणाऱ्या आपल्या आतेभावाइतके वजन उचलण्याचा त्याने यत्न केला होता. पुढे पंधरा दिवस त्याला विश्रांती घ्यावी लागली. मी त्याच्या घरी गेलो असता त्याची आई म्हणाली, "सर, वजने उचलली की मुलाची उंची खुंटते म्हणतात. आता त्याला तिकडे पाठवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे." निघताना तो मुलगा मला सोडावयास दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, माझ्यात मुळातच बळ नाही का?"

एक प्रश्न आईचा व एक मुलाचा. आपल्या बरखेड्यातील अनेक घरांत हेच प्रश्न आज विचारले जात असतील. म्हणून त्यांची उत्तरे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

आधी मुलाचा प्रश्न घेऊ. बळ ही जन्माबरोबर मिळालेली ठेव आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. शरीराची ठेवण जन्मजात असते हे खरे; परंतु बळ हे बव्हंशी कमवावे लागते. तुमच्यापैकी अनेकांचे वडील वा आजोबा कारखान्यात काम करीत आले आहेत. यंत्रावर भार घातला की ते झिजते, हे त्यांनी तुम्हांस सांगितले असेल. शरीराचा धर्म मात्र याहून वेगळा आहे. त्याच्यावर योग्य तेवढा भार घातला, मग त्याला अन्न व विश्रांती दिली, म्हणजे ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक बळकट होते. भार, अन्न आणि विश्रांती या तिहींपैकी एक जरी वगळले, तरी श्रम वाया जातात.

हे घडते कसे? व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत, तरी मनुष्य अधिक वजन उचलू लागतो. याचे कारण असे, की मेंदू व मज्जातंतू स्नायूंतील अधिकाधिक तंतूंना एकदम कामाला लावावयास शिकतात. सायकल शिकण्यासारखेच हे एक शिक्षण आहे. स्नायू प्रत्यक्ष जाड होतात ते त्यानंतर. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. येथेच नवशिका फसतो. 'आता मला जमते' असे त्याला वाटू लागते, पण सांध्यांची तयारी मागे राहिलेली असते. माझ्या विद्यार्थ्यात बळ नव्हते असे नाही. त्याच्यात धीर नव्हता.

भार क्रमाक्रमाने वाढवावा हे तत्त्व फार जुने आहे. मायलो नावाचा प्राचीन ग्रीक मल्ल एक वासरू रोज उचलीत असे, आणि वासराचा बैल झाला तरी तो त्याला उचलू शकत होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील बोध खरा आहे. १९४५ साली थॉमस डीलॉर्म या अमेरिकन सैनिकी डॉक्टरांनी याच तत्त्वाला शास्त्रीय रूप दिले. महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांकडून त्यांनी मोजून, हळूहळू वाढत जाणारी वजने उचलविली व त्यांच्या दुबळ्या झालेल्या पायांत पुन्हा शक्ती आणली.

आपल्या तालमींतही हेच चालत आले आहे. नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याच्या हाती लगेच मुद्गल देत नाहीत. आधी जोर, मग बैठका. त्यांची संख्या दिवसेंदिवस वाढवावयाची. दगडी नाल उचलण्याची पाळी फार पुढे येते. साताऱ्याकडील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अशाच मातीतून वर आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावा क्रमांक मिळाला. पदक हुकले म्हणून त्यांनी आखाडा सोडला नाही. चार वर्षे नेटाने मेहनत करून १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्यापर्यंत यावयास चार वर्षे लागली. आणि आपण तीन दिवसांत आतेभावाची बरोबरी करू पाहतो!

आता प्रत्यक्ष नियम पाहू. आठवड्यातून दोन ते तीन दिवस बळाचा व्यायाम करावा, व दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. आरंभी पाच ते दहा मिनिटे चालून, हातपाय फिरवून अंग तापवावे. दहा ते पंधरा वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन घ्यावे. आरंभी वजन न घेता नुसती काठी घेतली तरी चालेल. शेवटच्या खेपेलाही पाठ सरळ राहिली पाहिजे व हालचाल डौलदार झाली पाहिजे. पंधरा खेपा सहज होऊ लागल्या, म्हणजे वजन शेकडा पाच ते दहा एवढेच वाढवावे. उचलताना श्वास कोंडू नये, सोडावा. तुमच्या वयात 'एकदाच, पण जास्तीत जास्त किती' अशी पैज कदापि लावू नये. आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून जड वजनाला हात घालू नये.

बळाबरोबर लवचीकपणाही हवा. आपले आजोबा उकिडवे बसून तासभर गप्पा मारीत; आपल्याला दोन मिनिटे तसे बसणे कठीण जाते, कारण आपले घोटे व खुबे खुर्चीला सरावले आहेत. ज्याला रिकाम्या हाताने पुरते खाली बसता येत नाही, त्याने खांद्यावर भार घेऊन बसू पाहिले, तर तो भार कमरेवर येतो. म्हणून सूर्यनमस्कार घालावेत, उकिडवे बसण्याची सवय ठेवावी. मल्लखांबाइतका बळ आणि लवचीकपणा यांचा मेळ घालणारा व्यायाम क्वचितच सापडेल. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि ज्या मध्य प्रदेशात आपण राहतो त्याने २०१३ साली त्याला राज्यक्रीडेचा मान दिला. आपल्या दाराशी असलेली ही विद्या आपण का दवडावी?

सांध्याचे मोल किती, हे सांगलीच्या संकेत सरगर या तरुण भारोत्तोलकाने जगाला दाखविले. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलो वजनगटात त्याने एकूण २४८ किलो वजन उचलले. पुढे १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. तरीही तो पुन्हा वजनापुढे उभा राहिला, परंतु ते उचलले गेले नाही. सुवर्णपदक २४९ किलोवर गेले. अंतर अवघे एका किलोचे! वर्षानुवर्षे साधना केलेल्या वीरालाही सांधा दगा देऊ शकतो. मग तयारी न करताच वजनाला झोंबणाऱ्याने किती सावध असावे?

आता आहार. स्नायूंची डागडुजी प्रथिनांनी होते. नियमित व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला ६० ते ८० ग्रॅम. ती घरच्या स्वयंपाकात मिळतात. दोन पेले दुधातून सुमारे १३ ग्रॅम, दोन वेळच्या मिळून ७५ ग्रॅम डाळीतून १७, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांतून १०, आणि २०० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून २०. ही बेरीज साठ होते. वर दोन अंडी घेतली तर १२ ग्रॅमांची भर पडते. अंडी न खाणाऱ्यांनी या प्रांतात मुबलक पिकणारे सोयाबीन वापरावे. आमच्या कोकणी घरांत कुळथाचे सार व मासळी हाच खुराक असे. पोळी वा भाकरीबरोबर डाळ खाण्याची आपली रीतही शास्त्राला धरून आहे, कारण धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत भरपूर असतात.

डब्यातून मिळणाऱ्या महाग भुकट्यांविषयी मुले फार विचारतात. त्यांतील पुष्कळशा भुकट्या चीज-पनीर करताना उरणाऱ्या निवळीपासून तयार होतात. ते विष नव्हे आणि अमृतही नव्हे. वरणभात-दूध नीट घेणाऱ्याला त्यांची गरज नाही. मात्र लवकर अंग भरावे म्हणून कोणी गोळ्या वा सुया देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर पळावे.

येथेच आईच्या प्रश्नाचे उत्तर येते. योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, याला आधार नाही. उलट हाडे मजबूत होतात. उंची खुंटू शकते ती त्या गोळ्यांनी व सुयांनी. त्यांतील कृत्रिम द्रव्यांमुळे हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग वेळेपूर्वीच बंद होऊ शकतो. भीती बाळगावयाची तर ती याची बाळगावी.

उरली विश्रांती. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत जागून पहाटे व्यायामाला जाणारा एका हाताने कमावतो व दुसऱ्या हाताने उधळतो.

दिवाळीच्या सुटीनंतर तो विद्यार्थी, डॉक्टरांना विचारून, पुन्हा व्यायामाला लागला आहे. सध्या तो खांद्यावर काठी घेऊन बैठका काढतो आणि प्रत्येक दिवसाचा आकडा वहीत टिपतो. त्याच्या दप्तरात आता फुटाण्यांची पुरचुंडी असते. ती आईच बांधून देते. परवा त्याने वही दाखविली. पहिल्या दिवशी बारा बैठका होत्या, आता चाळीस आहेत. "सर, वजन केव्हा घेऊ?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "चाळीसावी बैठक पहिलीसारखी दिसू लागेल तेव्हा."