खुकुरी : कामाप्रमाणे पात्याची निवड

नेपाळच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याच्या कमरेला जे वाकडे पाते खोचलेले आढळते, ती खुकुरी होय. गुरखा सैनिकांमुळे महाराष्ट्रात ती शस्त्र म्हणून परिचित आहे. परंतु तिच्या मायदेशी ती मुख्यतः घरातील व शेतातील अवजार आहे. सरपण फोडणे, जनावरांसाठी झाडांच्या डहाळ्या छाटणे, बांबू चिरणे, मांस कापणे ही सर्व कामे तिच्याकडून घेतली जातात. मात्र एकच माप सर्व कामांस सोयीचे पडत नाही, आणि चुकलेल्या मापाचा त्रास मनगटाला व प्रसंगी बोटांना भोगावा लागतो.

खुकुरीचे पाते मध्यावर खाली वाकलेले असते व वाकापुढील भाग, म्हणजे पोट, रुंद असते. त्यामुळे वजन मुठीपासून दूर, जेथे घाव बसतो तेथे येते. कोकणात कोयता चालविणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. पाते दोन-तीन इंचांनी वाढविल्यास वजन थोडेच वाढते. पण ते हातापासून लांब गेल्याने मनगट लवकर थकते व घाव भरकटू लागतो.

सर्वसाधारण शेतीकामास 10 ते 12 इंच (25 ते 30 सें. मी.) लांबीचे पाते पुरेसे होते. मनगटाएवढी फांदी त्याने तुटते, आणि तेच घरी स्वयंपाकालाही चालते. नुसत्या घरकामास 6 ते 8 इंचांचे पाते हाताशी असावे. 14-15 इंचांचे जड पाते जाड ओंडक्यांच्या कामी येते; दशैंच्या सणात बळी देण्यासाठी याहूनही मोठी पाती वापरतात. रोज चारा तोडणाऱ्याने त्यांच्या मोहात पडू नये.

लांबीइतकेच महत्त्व रुंदीस आहे. ‘सिरुपाते’ हा प्रकार सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखा निमुळता असतो. तो हलका व चपळ, म्हणून कोवळ्या फांद्या व झुडुपे यांस उत्तम. वाळलेल्या कठीण लाकडास जाड पाठीचे, रुंद पोटाचे पातेच हवे. गवत कापण्यास यांपैकी काहीच नको, तेथे विळाच बरा.

पूर्व नेपाळातील भोजपूर व धरान येथील खुकुऱ्या प्रसिद्ध आहेत. पुष्कळ कारागीर मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांच्या पोलादापासून पाते घडवितात आणि तापलेल्या धारेवर किटलीने पाणी ओतून तेवढाच भाग कठीण करतात. पाठ मऊ राहिल्याने ती धक्का सोसते. काठमांडूच्या बाजारात पर्यटकांसाठी मांडलेली चकचकीत पाती पुष्कळदा भिंतीवर टांगण्यापुरतीच असतात. लाकडात रुतलेले पाते आडवे पिळू नये. पोलाद कितीही चांगले असले तरी धार तुटते.

म्यानात दोन लहान साधने असतात. ‘कर्द’ ही धारेची सुरी सोलण्याकापण्यास, व ‘चकमक’ ही बोथट पट्टी वळलेली धार घासून सरळ करण्यास व गारेवर ठिणगी पाडण्यास वापरतात. बारीक काम कर्दीने उरकल्यास मोठ्या पात्याची धार टिकते.

खुकुरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरावे. बोटे धारेच्या कडेवर येऊ देऊ नयेत, कारण पाते चामडे कापून बाहेर येऊ शकते. मूठ शिंगाची असल्यास ती उन्हात ठेवू नये, तडकते.