पहिल्या किचनचं लाकूड

चि. सुहास,


रत्नागिरीचं किचन तू एकट्याने अंगावर घेतलंस, हे वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं. गिऱ्हाईक आधी सगळं सागवानात करायला सांगत होतं, आता खर्च ऐकून पार्टिकल बोर्डावर आलंय म्हणे. त्यांना समजावणं हेही तुझ्याच कामात येतं. सबंध किचन एका मालात करायचं काहीच कारण नाही. पाणी कुठे पोचतं ते आधी पाहा, माल मग ठरव.

सिंकखाली जुना कडप्पा असेल तर तो तसाच ठेव. नसेल तर तिथे बीडब्ल्यूपी प्लायच वापर, शिक्का आयएस ७१० चा. हा प्लाय फिनॉलच्या गोंदात बांधलेला असतो आणि त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. आयएस ३०३ मधला एमआर प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफ म्हणेल, तू शीटवरचा छाप वाच. कापलेली कडही बघ. आतल्या थरांत फटी दिसल्या तर स्क्रू तिथे धरणार नाही. चांगला प्लायसुद्धा उघड्या कडेतून आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकातून पाणी पितो, म्हणून आधी त्या कडा बंद कर. सनमायका बाहेरूनच लावून आत कोरं सोडू नकोस. एका बाजूच्या ताणाने शटर वाकतं. आत निदान लायनर हवाच.

पार्टिकल बोर्ड मात्र कोकणात खालच्या खणांना मी कधीच लावू देणार नाही. कडेला पाणी लागलं की तो फुगतो आणि वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा धड बसत नाही. गरीब गिऱ्हाइकाला स्वस्त म्हणून हेच गळ्यात मारतात, याचा मला राग येतो. त्यापेक्षा खण कमी करून दे, पण प्लायमध्ये दे.

एमडीएफला सरसकट नावं ठेवू नकोस. रंग द्यायच्या, नक्षी कोरायच्या शटरला त्याच्याइतका गुळगुळीत पृष्ठभाग प्लाय देत नाही. सिंकपासून लांब, वरच्या कपाटांना तो चालेल. उंच शटरला एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घट्ट आणि ओल सोसणारा बोर्ड, घे. तो सहसा प्लायपेक्षा सरळ राहतो, पण जड असतो. बिजागऱ्या वाढव.

आता सागवान. चंद्रपूरकडचा साग उत्तमच, पण भरीव फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून सागाची चौकट कर आणि आतलं पॅनेल खाचेत मोकळं ठेव, गोंद लावू नकोस. गिऱ्हाइकाच्या जुन्या घराचा फणस पडून आहे का, तेही विचार. फणसाला वाळवी सहसा लागत नाही, रंगही वर्षागणिक गडद होत जातो. शटरच्या चौकटींना तो सागाच्या तोडीचा आहे. खिळे तेवढे आधी शोधून काढ, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. आंब्याची फळी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नकोस, तिला किडा लवकर लागतो.

कुठल्या खणाला कुठला माल, जाडी किती, हे अंदाजपत्रकात लिहून गिऱ्हाइकाची सही घे. दुकानाच्या बिलावरही ग्रेड लिहून घे आणि त्याची प्रत त्यांना दे. शीट उचलण्याआधी कडेचे फोटो मला पाठव, संध्याकाळी मी मोकळा असतो.

तुझा,
काका