खनिज साठ्याचा आकडा कसा वाचावा

मध्यप्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात सिहोरा हा तालुका आहे. येथील भूमी खनिजांस अपरिचित नाही. लोखंड व मँगनीज यांची धातुके येथे फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. विलायती लोखंड बाजारात येण्यापूर्वी मातीच्या लहान लहान भट्ट्यांतून येथे लोखंड गाळले जात असे. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र हा तालुका निराळ्याच कारणाने गाजला. महगवा केवलारी या गावाच्या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याचे अंश आढळले असून सुमारे १०० हेक्टर क्षेत्राखाली ‘लाखो टन सोने’ असावे, असे अनेक बातम्यांत सांगण्यात आले.

या विधानाचा पूर्वार्ध संभवनीय आहे. उत्तरार्ध अशक्य कोटीतील आहे. मानवाने आरंभापासून २०२४ अखेरपर्यंत साऱ्या पृथ्वीतून काढलेले सोने एकत्र केले, तरी ते सुमारे २ लाख १६ हजार टन भरते, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. तेवढेच सोने एका तालुक्याच्या एका कोपऱ्यात दडलेले असावे, असे मानणे म्हणजे अंकगणिताला रजा देणे होय.

अशी चूक होते कोठे? बहुधा ती ‘टन’ या शब्दापाशी होते. खाणीतून निघतो तो धातू नव्हे, धातुक. म्हणजे धातूचा अंश असलेला दगड. लोखंडाच्या चांगल्या धातुकात निम्म्याहून अधिक लोखंड असते. सोन्याच्या धातुकात मात्र एका टनामागे केवळ काही ग्रॅम सोने असते, आणि तेवढ्यावर खाण चालू शकते. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे सुमारे ३,३५० टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला तत्काळ खुलासा करावा लागला. त्यांच्या अंदाजानुसार तेथे ५२,८०६.२५ टन धातुक होते आणि त्याच्या दर टनात सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. वाचकाने स्वतः गुणाकार करून पाहावा. उत्तर १६० किलोग्रॅम येते. (दशांश चिन्हापुढील अंक पाहून दबून जाण्याचे कारण नाही. ते गणिताने दिलेले आहेत. भूगर्भाचे ज्ञान इतके काटेकोर कधीच नसते.)

परंतु धातुकाचे वजन आणि त्याचा कस एवढ्यानेही भागत नाही. तो आकडा कशाच्या आधारे काढला, हे कळले पाहिजे. शोधाच्या प्रारंभी भूवैज्ञानिक पृष्ठभागावरील माती आणि खडक यांचे नमुने गोळा करतो. पुढे तो चर खणतो. त्यानंतर यंत्राने खोल छिद्रे पाडून खडकाचा दंडगोलाकार गाभा बाहेर काढला जातो व त्याचे पृथक्करण होते. दोन छिद्रांमधील खडक कोणी पाहिलेला नसतो. तो तसाच असेल असे धरून चालावे लागते. छिद्रांमधील अंतर जितके कमी, तितका हा आधार भक्कम. सोन्यासारख्या धातूच्या बाबतीत तर हातभर अंतरावर कस बदलू शकतो. आपल्याकडे या शोधाच्या चार पायऱ्या मानल्या जातात: टेहळणी म्हणजे जी-४, पूर्वेक्षण म्हणजे जी-३, सर्वसाधारण समन्वेषण म्हणजे जी-२ आणि सविस्तर समन्वेषण म्हणजे जी-१.

ही झाली केवळ भूविज्ञानाची बाजू. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९९७ मध्ये तयार झालेल्या वर्गीकरणात आणखी दोन बाजू जोडलेल्या आहेत: खनिज काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे काय, आणि ते परवडेल काय. प्रत्येक अंदाजाला तीन अंकी संकेतांक मिळतो. त्यातील पहिला अंक आर्थिक बाजूचा, दुसरा शक्याशक्यतेचा आणि तिसरा भूवैज्ञानिक ज्ञानाचा असतो. १११ म्हणजे सिद्ध साठा. ३३३ म्हणजे केवळ अनुमानित संसाधन. नागपूर येथील भारतीय खाण ब्यूरो राष्ट्रीय खनिज सूची याच धर्तीवर तयार करते. ‘साठा’ आणि ‘संसाधन’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. या सूचीत मात्र काढता येईल व परवडेल तेवढ्यालाच साठा म्हणतात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पोलादाच्या कारखान्यासाठी जागा शोधत असता १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले होते. तेथे मध्य प्रांताच्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणा त्यांच्या दृष्टीस पडल्या. सी. एम. वेल्ड या अमेरिकन तज्ज्ञासह ते दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर गेले. धातुक अत्यंत उत्तम प्रतीचे होते. पण जवळपास योग्य कोळसा नव्हता, पुरेसे पाणी नव्हते. कारखाना अखेर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. पुढे भिलाई येथे पोलाद कारखाना झाला, १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली आणि त्याच टेकड्या तिच्या लोहखनिजाचा आधार झाल्या. मधल्या अर्धशतकात डोंगरातील लोखंड कणभरही वाढले नव्हते. लोहमार्ग, कोळसा आणि मागणी यांचे गणित बदलले होते.

या काटेकोरपणाची किंमत इतर देशांनी मोजून घेतली आहे. ऑस्ट्रेलियात १९६९-७० मध्ये पोसायडन कंपनीच्या निकेलच्या वार्तेने एक डॉलरहून कमी किमतीचा शेअर २८० डॉलरपर्यंत चढला व मग कोसळला. त्या अनुभवातून निघालेली अहवालाची नियमावली १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडियन कंपनीने सांगितलेले सोने १९९७ मध्ये खोटे ठरले. नमुन्यांतच बाहेरचे सोने मिसळलेले होते. कॅनडाने २००१ पासून नियम केला की, असा अंदाज जबाबदार पात्र तज्ज्ञाच्या नावानेच प्रसिद्ध व्हावा.

आपल्याकडे प्रमुख खनिजांचे पट्टे २०१५ पासून लिलावाने दिले जातात, म्हणून संकेतांकाला रोकड अर्थ आला आहे. जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टनांचे लिथियम संसाधन असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. तो आकडा जी-३ पायरीचा, म्हणजे अनुमानित होता. वृत्तपत्रांनी तो शुद्ध लिथियमचा असल्यासारखा छापला. प्रत्यक्ष लिलावाच्या वेळी तीन पात्र बोलीदारही पुढे आले नाहीत आणि २०२४ मध्ये तो लिलाव रद्द करावा लागला. वार्ताहरांपेक्षा बोलीदारांनी अहवाल अधिक बारकाईने वाचला होता, असेच म्हणावे लागते.

महगवा केवलारीच्या शेतकऱ्यांनाही हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. जमिनीचा भाव अफवेवर चढतो आणि अफवेवरच उतरतो. नियमांनुसार खाणपट्ट्याचा लिलाव करण्यास किमान जी-२ पर्यंतचा शोध लागतो. शोध व खाणकाम यांच्या संमिश्र परवान्यास पूर्वी जी-३ लागत असे. २०२१ पासून जी-४ पुरतो. असा परवाना घेणाऱ्याला छिद्रे पाडण्याचे पुढचे काम स्वतःच्या खर्चाने करावे लागते, आणि साठा सिद्ध झाला तरच त्याला पट्टा मिळतो. सोने असले, तरी या साऱ्यास वर्षे लागतात.