विजयदुर्गच्या बंदरातील एक रात्र

मुंबईहून गोव्याकडे लहान होडीने जाणारा प्रवासी सारा मार्ग एका दमात तोडीत नाही. दिवसभर किनाऱ्याच्या कडेने चालावे व सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या सुरक्षित बंदरात नांगर टाकावा, असा परिपाठ असतो. मी चौदा वर्षांचा असताना मामांच्या शिडाच्या होडीतून असा प्रवास केला. दिवस मार्गशीर्षाचे होते. होडीवर मामा, मी आणि एक वृद्ध तांडेल असे तिघेच होतो.

पहाटे आम्ही जयगड सोडले. सुमारे ८० किलोमीटर अंतर कापून संध्याकाळी वाघोटन नदीच्या मुखाशी आलो. उजव्या हाताला विजयदुर्गाचा तट पाण्यातून वर आलेला दिसत होता. याच बंदरात १७५६ साली इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. किल्ल्याला वळसा घालून आम्ही पूर्वेच्या अंगाला शिरलो. तेथे पाणी तळ्यासारखे शांत होते.

"आज नांगर तू टाक," तांडेलकाका म्हणाले. मला धन्यता वाटली. शिसे बांधलेली दोरी सोडून मी खोली मोजली. ती ४ मीटर भरली. खोलीच्या पाचपट दोर सोडावा, हा नियम मला पाठ होता. दोर लांब असला म्हणजे त्याची ओढ आडवी लागते व नांगर चिखलात घट्ट रुततो. आखूड असला तर नांगर उपटून येतो. मी २० मीटर दोर सोडला.

"भरतीचा हिशेब केलास ना?" तांडेलकाकांनी चूल पेटवता पेटवता विचारले.

मी विचार न करताच "हो" म्हणून गेलो.

जेवणे झाल्यावर डोलकाठीवर पांढरा दिवा लावला व पहारे वाटून घेतले. तांडेलकाकांनी मला दक्षिण किनाऱ्यावरील दोन दिवे दाखविले. एक पुढे, दुसरा बरोबर त्याच्या मागे. "हे एका रेषेत आहेत. ते फाकले, तर होडी सरकली असे समज."

मध्यरात्री माझा पहारा होता. जमिनीकडून मतलई वारा सुटला होता. पाहतो तो दोन्ही दिवे फाकलेले! भरतीने होडी नुसती फिरली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तरीही नांगराच्या दोरावर हात ठेवला. दोर थरथरत होता. नांगर तळावरून फरफटत होता!

तेव्हा मला उमगले. मी खोली मोजली ती ओहोटीची. आता पाणी २ मीटर चढले होते. ६ मीटर खोलीला ३० मीटर दोर हवा होता. वारा आम्हांला किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकांकडे नेत होता. कोणाला न उठविता गुपचूप दोर सोडावा, असे क्षणभर वाटले. कारण उठविले तर माझे "हो" खोटे ठरणार होते. पण खडक काळेकभिन्न दिसू लागले होते.

"काका, उठा! मी भरतीचा हिशेब केला नव्हता!"

तिघांनी मिळून दोर सोडला. होडीला हिसका बसला व ती थांबली. खडक तीन-चार होड्यांच्या अंतरावर राहिले होते.

मी मान खाली घातली. तांडेलकाका म्हणाले, "नियम तुला पाठ होता, पण पाण्याकडे तू पाहिले नाहीस. यापुढे पाहिल्यावाचून 'हो' म्हणू नकोस. मला वेळेवर उठविलेस, हे मात्र चांगले केलेस."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही मालवणला पोचलो. तांडेलकाकांनी नांगराचा दोर पुन्हा माझ्याच हाती दिला. मी आधी पाणी चढते आहे की उतरते आहे ते पाहिले. मग खोली मोजली.

स्वाध्याय

१. नांगराचा दोर लांब का सोडतात?
२. होडी सरकत असल्याचे मुलाने कोणत्या दोन खुणांवरून ओळखले?
३. तांडेलांना उठविण्यास मुलगा क्षणभर का कचरला?
४. ओहोटीच्या वेळी खोली ३ मीटर आहे व भरतीला पाणी २ मीटर चढते. किती दोर सोडावा?
५. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मनाची समजूत घालणे, धन्यता वाटणे.