फार्मसीतली पीएच.डी.: आधी हिशेब मांडा

एम.फार्म. झालेली वेल्ह्याकडची पोरं-पोरी मला विचारतात, "ताई, पीएच.डी. करू का?" मी ती करून बसले आहे. भातशेतीवर चालणाऱ्या घरातून ती कशी निभावते, तेवढं सांगते.

१. आधी काम ठरवा. गावात मेडिकल टाकायला बारावीनंतरची डी.फार्म. पुरते. दवाखान्यात रुग्णांच्या औषधांवर लक्ष ठेवायचं असेल, तर ६ वर्षांची फार्म.डी. आहे. संशोधन करायचं किंवा कॉलेजात प्राध्यापकपदापर्यंत जायचं, तरच पीएच.डी.चा विचार करा.

२. फी दिसते, बाकीचा खर्च दिसत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ वर्षं, कमाल ६. तेवढा काळ नोकरीचा पगार बुडतो, आणि घरची लावणीची मजुरी, धाकट्याचं शिक्षण काही थांबत नाही. शिवाय सॉल्व्हंट, एचपीएलसीचा कॉलम, शुद्ध स्टँडर्ड, बाहेरच्या लॅबमधून करून घ्यायच्या चाचण्या. प्राण्यांवर प्रयोग असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि त्या प्राण्यांची देखभाल. माझं काम निम्म्यावर असताना ग्रँट संपली. कॉलमचे पैसे वडिलांनी इंद्रायणी तांदूळ विकून दिले. म्हणून प्रवेशाआधीच गाइडना विचारा: सर, केमिकलचा खर्च कोण करणार? या प्रश्नाचा राग येत असेल, तर दुसरे गाइड शोधा.

३. फेलोशिपशिवाय उडी घेऊ नका. नेट-जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर नजर ठेवा. आणि फेलोशिप कुठलीही असो, हप्ता उशिरा येईल असं धरूनच काही महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा.

४. मुलींनो, तुम्हाला पीएच.डी. पुरी करायला २ वर्षं जादा आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा मिळू शकते. लग्नाची बोलणी होतानाच हे सासरच्यांना सांगा.

५. वय झालं म्हणून मागे हटू नका. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांना अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. १९६२ मध्ये मिळाली. पुढे १९६६ मध्ये त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. टोपोटिकॅन, इरिनोटिकॅन ही कर्करोगावरची औषधं त्याच्यापासूनच आली. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात आहे, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. झाड न तोडता ते द्रव्य कसं मिळवायचं, हा इथल्या माणसानं हातात घ्यावा असा प्रश्न आहे. असा एखादा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल, तर हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे या. गाइड शोधायला मी बरोबर येईन.