तोंड उघडेना, तर काय समजावे?



चोपडा, यावल आणि शिरपूर तालुक्यांतल्या पाड्यांवर फिरताना “तोंड उघडत नाही” ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी बहुधा कारण तोच असतो. पण गुटख्याने तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आखडते आणि ताप येत नाही. दोन-चार दिवसांतच एका बाजूला कानापुढे सूज, ताप आणि घास चावताना कळ आली, तर जबड्याच्या सांध्यात पू झाल्याची शंका घ्यावी. हा आजार क्वचितच होतो, म्हणूनच दाढदुखी समजून तो अंगावर काढला जातो.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलते, तो हा सांधा. जंतू तेथे तीन वाटांनी पोहोचतात :

१. शेजारून : किडलेली दाढ, वाहणारा कान किंवा सुजलेली लाळग्रंथी.
२. रक्तातून : अंगावरचे गळू, चिघळलेली जखम.
३. थेट : जबड्याला लागलेला मार, सांध्यात दिलेले इंजेक्शन.

मधुमेह, आमवात, एचआयव्ही, दारूचे व्यसन आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांमुळे धोका वाढतो. आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांत सिकलसेल आढळतो. अशा रुग्णांना हाडांत जंतुसंसर्ग लवकर होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कानात तेल सोडून किंवा दाढेत तंबाखू दाबून सांध्यातला पू जात नाही. दुकानातल्या वेदनाशामक गोळीने कळ थांबते, आजार मात्र आत वाढतो. डॉक्टर पू काढतात, प्रतिजैविके देतात आणि नंतर तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतात. उशीर झाला तर सांधा कायमचा जखडू शकतो. मग भाकरीचा घासही तोंडात जाईना, अशी गत होते.

जखमेनंतर दातखीळ बसून मान-पाठ ताठली, तर तो धनुर्वात असू शकतो. क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा.

पाड्यावरच्या माणसाला धुळ्याचा किंवा जळगावचा सरकारी दवाखाना म्हणजे बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे. तेव्हा भेटीला जाल तेथे तीन प्रश्न अवश्य विचारा : दाढ दुखते का? कान वाहतो का? तोंडात तीन बोटे उभी मावतात का? आणि गरज दिसली, तर सोबत जा.