विधेयक मंजूर झाले, म्हणजे कायदा झाला का?



डिसेंबर २०२१ च्या नाताळ मेळाव्यात आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर मी बहिणींना आनंदाने सांगितले, "शक्ती कायदा झाला!" जानेवारीत एक आई आपल्या लहान मुलीची तक्रार घेऊन आली. "ताई, त्या नव्या कायद्याखाली लिहा. त्यात तपास लवकर होतो ना?" चौकशी केली, तेव्हा समजले की तो कायदा अजून अस्तित्वातच नव्हता. मी तिची माफी मागितली. तक्रार आधीपासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याखाली नोंदवली. माझ्या चुकीतून मिळालेला धडा आज तुमच्यापुढे ठेवते.

विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. आपल्या राज्यात तो विधानसभा (२८८ सदस्य) आणि विधान परिषद (७८ सदस्य) यांतून जातो. मग राज्यपाल संमती देतात, फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद टिकवायची, तर राष्ट्रपतींची संमती लागते. शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही याच पायरीवर अडले. ती संमती मिळाली नाही.

मग किती विधेयकांचे कायदे होतात? विधेयक कोण मांडतो, यावर ते बरेच अवलंबून असते. मंत्र्याने मांडलेल्या विधेयकामागे बहुमत असते, म्हणून ते बहुधा मंजूर होते. इतर सदस्यांच्या अशासकीय विधेयकांचे नशीब क्वचितच उघडते. संसदेचेच पाहा : स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, आणि १९७० नंतर एकही नाही.

सरकारी विधेयकही अडकते. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेत मंजूर झाले, पण परिषदेत रखडले. विधानसभा विसर्जित झाली की असे प्रलंबित विधेयक संपुष्टात येते. २००९ मध्ये तसेच झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला.

संमतीनंतरही वाट संपत नाही. रोजगार हमी कायदा १९७७ चा, पण लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. पेसा कायदा संसदेने १९९६ मध्ये केला. महाराष्ट्राचे नियम आले २०१४ मध्ये. शिवाय तो फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. पालघरमधल्या अनेक वारली गावांना त्याचा आधार आहे, आरे किंवा बोरिवलीच्या वारली पाड्यांना नाही.

म्हणून पाड्यावर बातमी सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा :

१. दोन्ही सभागृहांनी मंजूर केले का?
२. संमती मिळून राजपत्रात प्रसिद्ध झाले का?
३. कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या भागात लागू आहे?

उत्तर मिळेपर्यंत "विधेयक आले आहे" एवढेच म्हणा, आणि आपल्या आमदारांना पत्र लिहून विचारत राहा. ज्यांच्याकडे वकील नाही, ते आपल्या शब्दावर विसंबून पोलीस ठाण्याची पायरी चढतात. तो शब्द खरा असला पाहिजे.